पहिल्या खटक्यानंतर

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास आला. सहा चौदाला मधल्या सीटवरच्या मास्तरांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि ते ओकले. सहा बत्तीसला व्हॅन हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी लागली. चौघे प्रवासी उतरले, डायलिसिस वेळेवर सुरू झालं. नऊ वाजायच्या आत हॉस्पिटलच्या वाहतूक कचेरीतल्या रजिस्टरमध्ये तक्रार चढली होती. या व्हॅनविरुद्धची ही दुसरी.

पहिल्या तक्रारीनंतर आलेल्या पत्रात तिसरी झाल्यास काय होईल ते स्पष्ट लिहिलं होतं. फेरी काढून दुसऱ्या वाहतूकदाराला देण्यात येईल. दुसरा वाहतूकदार कोण हे पत्रात नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या सहा निळ्या व्हॅन होत्या आणि सहाही दोन वर्षांच्या आतल्या.

ही व्हॅन एकोणीस वर्षांची. पांढरी, सात सीटची, पेट्रोलवर चालणारी. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार पेशंटांना हॉस्पिटलात नेते आणि दुपारी घरोघर सोडते. एवढ्या जुन्या गाडीला दुसरं काम कोणी देत नाही. ही फेरी गेली तर गाडी भंगारात जाणार होती, आणि घर तिच्यावरच चालत होतं.

गाडी चालवते ती बाई बावन्न वर्षांची. तिचा दीर तिला वहिनी म्हणतो म्हणून प्रवासीही वहिनी म्हणतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हीच फेरी तिचा नवरा करत असे. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय अर्धेच परत आले, बोलणं पूर्ण परत आलं. त्याला सगळे दादा म्हणतात. दादा आता गाडी चालवत नाहीत. गाडीचं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं, दर सोमवारी संध्याकाळी पेट्रोल भरण्याचं.

आणि दीर मेकॅनिक आहे. व्हॅनला पहिल्या दिवसापासून त्याच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही.

त्या मंगळवारी पेशंटांना सोडून वहिनी थेट गॅरेजात गेल्या. लिफ्टवर एक निळी व्हॅन उभी होती.

"ही कोणाची?"

"कुठली?" दिराने विचारलं.

"भाऊजी, गॅरेजात एकच निळी गाडी आहे."

"ती होय! ऑइल बदलायला आलीय."

"एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचं गॅरेज नाही?"

"आहे की. लांब पडतं त्यांना." त्याने हात पुसले. "तुमचं बोला. कुठे वास येतो? पुढे की मागे?"

"मास्तरांच्या नाकात."

दीर हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्याने व्हॅनला एक चक्कर मारली, टाकीचं झाकण उघडलं, आतली रबरी रिंग अंगठ्याने दाबून दाखवली. रिंगला तीन ठिकाणी भेगा होत्या.

"हे बघा. टाकीत पेट्रोलची वाफ होत असते. ती बाहेर जाऊ नये म्हणून एका पाइपातून मागच्या चाकापाशी एक काळा डबा आहे त्यात नेतात. डब्यात कोळशाचे दाणे असतात. ते वाफ धरून ठेवतात. इंजिन चालू झालं की पुढचा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. झाकण, पाइप, डबा, व्हॉल्व्ह. चारांतलं एक नापास झालं की वास. आज झाकण नापास आहे."

"बाकीचे तीन पास?"

"झाकण बदलतो. मग बघू."

त्याने झाकण बदललं, डॅशबोर्डवर लागलेला इंजिनाचा पिवळा दिवा विझवला. गुरुवारी वास आला नाही. शनिवारीही नाही. पुढच्या मंगळवारी सहा वाजून आठ मिनिटांनी पुन्हा आला.

या वेळी वहिनींनी सगळ्या काचा आधीच खाली केल्या होत्या. मागे बसणाऱ्या, पूर्वी शिलाईचं काम करणाऱ्या काकूंनी शाल डोक्यावरून घेतली.

"वहिनी, आम्हाला हॉस्पिटलात नेताय की वाळवायला?" त्या म्हणाल्या.

"पाच मिनिटं काढा काकू."

"पाच काढते गं, पण..." काकू म्हणाल्या.

"पण काल गाडीला जरा जास्तच पाजलेलं दिसतंय," मास्तर मधे म्हणाले. मास्तर तीस वर्षं शाळेत शिकवत होते आणि कोणाचंही वाक्य पूर्ण करण्याची त्यांची सवय गेलेली नव्हती. "तोंडाला वास येतोय तिच्या."

बाकीचे दोघे प्रवासी झोपले होते. ते नेहमीच झोपलेले असतात. तक्रार झाली नाही.

त्याच दुपारी वहिनींनी एक वही आणली. दिवस, वेळ, किलोमीटर, वास आहे की नाही, दिवा आहे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात, गाडीला आदल्या दिवशी कोणी हात लावला. मागच्या दोन महिन्यांतलं आठवून आठवून लिहिलं. लिहून झाल्यावर चित्र सरळ होतं. वास मंगळवारी येत होता, फक्त मंगळवारी. म्हणजे जे काही होत होतं ते सोमवारी होत होतं.

सोमवारी दोन गोष्टी होत. दुपारी चारला दीर घरी येई, चहा घेई, ऑइल, पाणी, टायर बघून जाई. संध्याकाळी सहाला वहिनी दादांना पंपावर नेत. पंपवाले ओळखीचे होते, नोझल दादांच्या हातात देत. दादा स्वतः पेट्रोल भरत, तेवढ्या वेळात वहिनी समोरच्या औषधांच्या दुकानात त्यांच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या राहत. परत येत तेव्हा दादा सीटवर बसलेले असत.

वहिनींनी वहीत दिराच्या नावाखाली रेघ मारली. दादांच्या नावाखाली मारली नाही.

बुधवारी सकाळी दहाला दिराने धुराची चाचणी घेतली. एका यंत्रातून पांढरा धूर टाकीच्या पाइपात सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. दादाही गॅरेजात आले होते. त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं, पण ते काठीवर टेकून उभेच होते. दोन मिनिटांत मागच्या चाकाजवळून धुराची बारीक दोरी निघाली. दिराने पाइप काढून उजेडात धरला. टोकापासून बोटभर अंतरावर चीर होती.

वहिनींनी पाइप त्याच्या हातातून घेतला. "ही कापलेली आहे."

"क्लिप चावलीय तिथे. हा जोड आज पहिल्यांदाच उघडलाय."

"रबर म्हातारं झालं की जाळी पडते, भाऊजी. ही सरळ रेघ आहे. ब्लेडची."

"ब्लेडची?" दीर दादांकडे वळला. "दादा, ऐकलंस का? मी आता गाड्यांचे पाइप कापत फिरतो."

"तुमचं नाव कोणी घेतलं?" वहिनी म्हणाल्या.

"घ्यायचं बाकी काय ठेवलंत?"

"अरे, पुढचं बघा की," दादा म्हणाले. "डबा बघ."

दिराने काळा डबा काढला आणि उलटा धरला. खालच्या नळीतून पेट्रोलचे थेंब पडले. आधी सुटे, मग सलग. तो काही वेळ ते थेंब बघत राहिला.

"यात वाफ असायला हवी," तो म्हणाला. "पेट्रोल नाही. पेट्रोल शिरलं की कोळसा भिजतो, मग तो काही धरत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली तरच ते इथवर येतं." मग त्याने विचारलं, "वहिनी, पहिल्या खटक्यानंतर कोण भरतं?"

पंपाच्या नोझलला टाकी भरली की खटका बसतो आणि पेट्रोल आपोआप थांबतं. हे तिथे तिघांनाही माहीत होतं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या.

दीर दादांकडे बघत नव्हता. न बघण्याची त्याची पद्धत वहिनींच्या लक्षात आली. दादा काठीच्या मुठीवरचा रंग नखाने खरवडत होते.

"बरं," दीर म्हणाला. "डबा बदलावा लागेल. नवा आता निघत नाही, याच वर्षाच्या गाडीचा जुना शोधतो. तोवर हाच सुकवून लावतो. टाकी अर्धीच भरा."

वहिनींनी डबा लावू दिला नाही; गुरुवारच्या फेरीपुरतं टाकीकडचं तोंड बुजवून घेतलं. तो पिशवीत घालून घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दोन किलो शंभर ग्रॅम. गाडीच्या पुस्तकात वजन दिलेलं नव्हतं. गुरुवारी दुपारी, दिराला न सांगता, त्या डबा आणि कापलेला पाइप घेऊन पुलापलीकडच्या एका मेकॅनिककडे गेल्या. त्याने डबा हातात घेतल्याबरोबर सांगितलं की तो भिजलेला आहे. कोरडा असता तर सव्वा किलोच्या वर गेला नसता.

"म्हणजे माझा मेकॅनिक खरं बोलतोय?"

"डब्याबद्दल खरं बोलतोय."

"आणि पाइपबद्दल?"

त्याने चीर बोटाने उघडून पाहिली. "क्लिपेची धार लागूनही असं होतं. पण बाई, ही क्लिप नवी आहे. पाइप गाडीच्या वयाचा आणि क्लिप यंदाची. हा जोड कोणीतरी आधी उघडलेला आहे."

"तो म्हणतो, काल पहिल्यांदाच उघडला."

"तो काय म्हणतो ते मी कसं सांगू? मी क्लिपेचं सांगतो."

वहिनींनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळी दिराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, गेल्या वर्षी मागचं चाक काढताना क्लिप मोडली होती, तेव्हा बदलली असेल, आता काय सगळं लक्षात राहतं का. मग म्हणाला, "तुम्ही डबा दुसऱ्याला दाखवलात, हो ना?"

"दाखवला."

"चांगलं केलंत. मला सांगून दाखवला असता तर त्याचा पत्ता मीच दिला असता. माझ्याच हाताखाली शिकलाय तो."

तो डबा वहिनींनी शुक्रवारी सुकवून घेतला आणि स्वतः समोर उभं राहून लावून घेतला. घरी दादांना सांगितलं, "अहो, दुसरा मिळेपर्यंत टाकी अर्धीच भरायची."

"हो."

"लक्षात राहील ना?"

"हात गेलाय माझा, डोकं नाही," दादा म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी वहिनींनी व्हॅन पंपावर लावली, दादांना उतरवलं आणि रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानात गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. दाराशी चष्म्याच्या काचा पुसत उभ्या राहिल्या.

दादांनी काठी गाडीला टेकवली. उजव्या हाताने झाकण काढलं, ते छपरावर ठेवलं, नोझल लावलं. बराच वेळ ते आकडे बघत राहिले. मग खटका बसला असावा, कारण त्यांनी मान हलवली. नोझल त्यांनी काढलं नाही. ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले, पाठ तिच्या अंगाला लावली आणि पाय रोवून तिला झोका दिला. व्हॅन डुलली. पुन्हा डुलवली. मग वळून नोझल पुन्हा दाबलं. खटका. पुन्हा पाठ लावली. एकूण चार वेळा. डावा पाय प्रत्येक वेळी घसरत होता आणि ते प्रत्येक वेळी तो परत जागेवर आणत होते. शेवटच्या वेळी त्यांनी टाकीच्या तोंडात वाकून पाहिलं आणि व्हॅनच्या अंगावर थाप मारली.

दोन वर्षांत त्यांचा चेहरा असा दिसला नव्हता. वहिनींनी वहीत हे लिहिलं नाही. "चार वेळा" एवढंच लिहिलं.

वहिनींनी गाडी घरी आणली. गाडी बंद केल्यावर म्हणाल्या, "अहो, अर्धी म्हणाले होते मी."

"अर्ध्या टाकीने कुठे जाणार? मधेच बंद पडली तर चार आजारी माणसं रस्त्यावर."

"आणि ते झोके कशाला देता?"

दादांनी काठी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "बघत होतीस का?"

"बघत होते."

"टाकीच्या गळ्यात हवा अडकते. हलवल्याशिवाय भरत नाही. आमच्या वडिलांनी शिकवलंय, दोघांनाही. चाळीस वर्षं भरतोय अशीच."

"वडिलांच्या गाडीला कोळशाचा डबा नव्हता."

"या गाडीला आहे हे तरी तुला कुठे माहीत होतं? दीड महिन्यापूर्वी?"

"भाऊजींना माहीत होतं. तुम्ही भरता हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी मला सरळ का नाही सांगितलं?"

"तो मोठ्या भावाची चहाडी करेल?"

"की चीर तुमच्यावर ढकलायची होती?"

"चीर माझ्या हाताने कशी पडेल? मला वाकता येतं का?" दादांनी दार उघडलं. "मला संशयातून वगळलंस तर तू एकटी पडशील, एवढं लक्षात ठेव. संशयाला मग तो एकटाच उरतो, आणि त्याच्याशिवाय गाडीला हात लावणारं कोणी नाही." मग उतरता उतरता म्हणाले, "बरं. एक खटका. बस? एकच."

मंगळवारी वास आला, तक्रार झाली नाही. बुधवारी जुन्या गाडीचा डबा मिळाला. दिराने तो लावला, नवा पाइप घातला, दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा लावल्या, धूर सोडला. धूर कुठूनच आला नाही. काम चालू असताना वहिनी लिफ्टखाली उभ्या होत्या.

"वहिनी, डोक्यावर ऑइल पडेल."

"पडू द्या."

"जागा बदला निदान. उजेड अडतोय."

त्यांनी क्लिपा कुठे बसल्यात त्या जागी पाइपावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून घेतली. दिराने ते पाहिलं आणि हत्यारं आवरायला घेतली. निळी व्हॅन त्या दिवशी गॅरेजात नव्हती. बाहेर दोन होत्या.

पुढचे दोन मंगळवार कोरडे गेले. पिवळा दिवा लागला नाही. काकूंनी शाल खांद्यावर ठेवली. मास्तर म्हणाले, "वहिनी, आता वासाची सवय गेली, करमत नाही," आणि झोपलेल्या दोघांतला एक हसला, म्हणजे तो झोपलेला नव्हता.

या काळात वहिनी रोज संध्याकाळी पोतं अंथरून, टॉर्च घेऊन मागच्या चाकाजवळ आडव्या होत. पाइप धरून ओढून बघत. वहीत अठरा दिवस एकाच अक्षरात एकच नोंद आहे: "ओढून पाहिला. घट्ट." सोमवारी पंपावर त्या आता दादांजवळ उभ्या राहत. दादा एक खटका ऐकत, नोझल काढत आणि त्यांच्याकडे न बघता झाकण लावत. गोळ्या दुसऱ्या दिवशी आणल्या जात. सोमवारी चारला दीर येई तेव्हाही वहिनी अंगणात असत. तो बॉनेट उघडे, ऑइल बघे, टायर बघे. चहा उभ्यानेच घेई.

तिसऱ्या सोमवारी चारला काकूंच्या मुलीचा फोन आला. काकूंना गुरुवारऐवजी बुधवारी बोलावलं होतं, तेव्हा गाडी मिळेल का. हे बोलणं सात मिनिटं चाललं. वहिनी घरात होत्या. बाहेर आल्या तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि दीर हात पुसत होता. दादा पायरीवर बसले होते. त्या दिवशी वहिनींना ताप होता. संध्याकाळी पंपावर त्या सीटवरून उतरल्या नाहीत, आरशातून पाहत राहिल्या. गाडी एकदाही डुलली नाही. पावतीवर अडतीस लिटर आले. गाडीतल्या पेट्रोलच्या काट्याप्रमाणे तेवढंच बसायला हवं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी पाइप ओढून पाहिला नाही. ती एकच नोंद चुकली.

मंगळवारी सहा वाजून अकरा मिनिटांनी पिवळा दिवा लागला. सहा सोळाला वास आला. कोणी ओकलं नाही. मास्तरांनी स्वतःहून काच खाली केली.

"मला काही वास आला नाही," ते मोठ्याने म्हणाले. "काकू, तुम्हाला?"

"कसला वास?" काकू म्हणाल्या. त्यांनी शालीने नाक झाकलं होतं.

"झोपलेल्यांना आलाय का?"

"नाही," एक झोपलेला म्हणाला.

हॉस्पिटलच्या आवारात पेशंट उतरल्यावर वहिनी गाडीखाली गेल्या. डब्याकडची क्लिप पांढऱ्या रेघेपासून बोटभर मागे सरकली होती आणि पाइप अर्धा सुटला होता. त्यांनी पक्कड घेऊन पाइप आत ढकलला, क्लिप रेघेवर आणली. मग तिथूनच पुलापलीकडच्या मेकॅनिकला फोन लावला.

"क्लिप आपोआप सरकते का हो?"

"स्प्रिंगची ना? नाही. जागेवर बसली की बसली."

"तीन आठवड्यांत बोटभर सरकलीय."

"मग कोणी हात लावत असेल. सारखी ओढाताण झाली तर सरकेलही. कोणी हात लावतं का?"

"तेच शोधतेय," वहिनी म्हणाल्या.

दुपारी त्या गॅरेजात गेल्या. दीर एका इंजिनावर वाकलेला होता.

"काल माझी पाठ वळल्यावर गाडीखाली गेला होतात?"

"नाही."

"सात मिनिटं होती."

"सात मिनिटांत मी ऑइल पाहिलं आणि दादाशी बोललो."

"काय बोललात?"

तो सरळ उभा राहिला. "म्हणालो, दादा, ही गाडी आता सोड. वहिनी रात्रंदिवस तिच्याखाली पडलेल्या असतात. निळ्यावाल्यांकडे ड्रायव्हरची जागा आहे, मी शब्द टाकतो. चार माणसं नवीन गाडीत बसतील, तुम्हालाही झोप लागेल. हे बोललो. आता लिहा वहीत."

"दादा काय म्हणाले?"

"काही नाही. उठून आत गेला."

वहिनींनी हे लिहिलं. मग त्यांनी त्याच्याकडून स्क्रूने आवळायची क्लिप मागून घेतली आणि ती स्वतःच्या हाताने लावली. तो बाजूला उभा राहिला. "उजवीकडे फिरवा," एवढं एकदा म्हणाला.

गुरुवारी वास नव्हता. साडेनऊला वाहतूक कचेरीतल्या बाईंनी वहिनींना बोलावून घेतलं.

"तिसरी तक्रार आहे."

"मंगळवारची? कोणी केली? चौघांनीही केलेली नाही."

"चौघांपैकी कोणीच नाही. आणि मंगळवारची नाही." बाईंनी रजिस्टर फिरवून समोर ठेवलं. नोंद सोमवारची होती, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांची. मजकूर एका ओळीचा होता. गाडीतून पेट्रोलचा वास येत आहे, उद्या पेशंट बसवू नयेत. तक्रारदाराच्या रकान्यात लिहिलं होतं, गाडीचा मालक.

"सोमवारी वास नव्हताच," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी आला. सहा सोळाला."

"हे मला कसं ठरवता येईल? संध्याकाळच्या माणसाने जे ऐकलं ते लिहिलं. पुरुषाचा आवाज होता. नाव विचारलं तर म्हणाला, गाडी माझी आहे. आणि सकाळी ही चिठ्ठी आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर तुमची गाडी दाराशी लागलेली होती."

"नंबर?"

"आमच्याकडे सगळे फोन हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरून येतात, नंबर दिसत नाही." बाईंनी फाइलमधून गाडीच्या कागदांची प्रत काढली. "मालक म्हणून इथे दोन नावं आहेत. तुमचे मिस्टर आणि त्यांचे भाऊ. एकत्र घेतलेली दिसते."

"एकोणीस वर्षांपूर्वी," वहिनी म्हणाल्या. "दोघांनी मिळून."

निर्णय सोमवारी सकाळी दहाला होईल, असं बाईंनी सांगितलं. मालकानेच तक्रार केल्याची ही पहिली वेळ असल्यामुळे ती तिसरी धरायची की नाही, हे वरच्या साहेबांना विचारावं लागणार होतं.

गुरुवारी दुपारी वहिनींनी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "मी नाही." सोमवारी सात वीसला ते कुठे होते, असं विचारल्यावर म्हणाले, "घरात. तू तापाने झोपली होतीस." त्यांच्या फोनमध्ये त्या वेळेला हॉस्पिटलच्या बोर्डाचा नंबर होता. पण हातापायाच्या व्यायामाची वेळ ठरवण्यासाठी ते दर सोमवारी तिथे फोन करतात, आणि त्या दिवशीही वेळ ठरली होती. कार्डावर ती लिहिलेली आहे.

संध्याकाळी दिराला विचारलं. तोही म्हणाला, "मी नाही." त्याने न मागता फोन समोर धरला. सोमवारच्या यादीत तोच नंबर होता, सात सत्तावीसला. निळ्या व्हॅनचं काम हॉस्पिटलच्या आवारात उभ्या उभ्या करायचं असतं, त्याची परवानगी घेत होतो, असं तो म्हणाला. रजिस्टरमधली वेळ संध्याकाळच्या माणसाने घड्याळ बघून लिहिली की अंदाजाने, हे विचारायला वहिनींनी शुक्रवारी फोन केला. तो माणूस रजेवर होता.

शनिवारी व्हॅन वेळेवर निघाली. वास नव्हता, दिवा नव्हता, क्लिप जागेवर होती. चौघे सहा एकतीसला पोहोचले. मास्तरांनी उतरताना विचारलं, सोमवारचं काय. वहिनी म्हणाल्या, दहाला कळेल.

शनिवारी संध्याकाळी दादांनी जेवताना सांगितलं की सोमवारी ते पंपावर येणार नाहीत. साडेआठला दिराचा फोन आला. सोमवारी चारला त्याला जमणार नव्हतं. दोघांनीही कारण सांगितलं नाही. वहिनींनी दोन्ही वेळा वहीत लिहिल्या आहेत. सोमवारी गाडीला हात लावणारं आता त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.